वेंडेल प्रुएटचा डावा हात

वेंडेल प्रुएटचे बेसबॉलचे चेंडू मी लहानपणापासून झेलत आलो. केटल फेरी या आमच्या नदीकाठच्या गावात, धान्याच्या कोठारामागे एक मोकळी पट्टी होती. तिथे तो चेंडू टाकायचा आणि मी त्याच्यासमोर उकिडवा बसून झेलायचो. मला कॅचर, म्हणजे समोर बसून झेलणारा, म्हणून कुणी निवडलं वगैरे नव्हतं. वर्गात सगळ्यात जाडा मी, आणि उकिडवं बसायची मला लाज नव्हती, एवढंच. आई माझ्या लाल तळव्यावर बर्फ धरायची आणि म्हणायची, "त्या प्रुएटच्या पोराला सांग, जरा हळू टाक म्हणावं." मी ते कधी सांगितलं नाही. त्याचा चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये बसला की असा आवाज यायचा की कोठाराच्या छपरावरची कबुतरं उडायची. तो आवाज काढण्यात माझाही हात आहे असं मला वाटायचं.

शाळा संपली तशी एका व्यावसायिक संघाने त्याला उचललं. मी गावातच राहिलो आणि गॅसच्या टाक्या पोचवणारा ट्रक चालवायला लागलो. वेंडेल पुढची काही वर्षं लहान लीगमध्ये, मोठ्या संघांच्या खालच्या फळीत, खेळला. रात्रभर बसचा प्रवास, स्वस्तातली लॉज, फोनवर सांगायला दर वेळी नवं गाव. मग पंचविशीत त्याला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. त्या दिवशी लेस्टर न्हाव्याने दुकानात कुणाचे केस कापले नाहीत. सगळं गाव तिथे टीव्हीसमोर बसलं होतं. वेंडेल मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर चढला, टोपी खाली ओढली आणि समोरच्या बॅटरला तीन चेंडूंत बाद करून परत पाठवलं. लेस्टर रडला. दुसऱ्या दिवशी त्याने वेंडेलचा फोटो आरशाच्या वर लावला.

वर्ष-दीड वर्ष हे असं चाललं. मग एका ऑगस्टमध्ये बॅटरने मारलेला एक मवाळ चेंडू घरंगळत वेंडेलच्या पायाशी आला. उचलायचा आणि पहिल्या बेसवरच्या सोबत्याकडे द्यायचा. शेंबडं पोरही हे करतं. वेंडेलने उचलला आणि थेट प्रेक्षकांत फेकला. लोक हसले, तोही हसला. पुढच्या आठवड्यात तेच झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात बॅटरला टाकलेला चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीत गेला, नंतरचा बॅटरच्या पाठीमागून. टीव्हीवर बोलणारे आधी गंमत करत होते. मग ते गप्प झाले. ते गप्प झाले तेव्हा मी टीव्ही बंद केला.

डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही. खांदा ठीक, कोपर ठीक, डोळे घारीसारखे. एकाने त्याला गुंगीत बोलतं करून लहानपणाबद्दल विचारलं. एकाने डावा बूट काढून चेंडू टाकायला लावलं. एका पाद्रीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आधी सरावात तरी चेंडू सरळ जायचा, मग तिथेही जाईना. लहान लीग, त्याहून लहान लीग, आणि मग घर. असं होतं चेंडू टाकणाऱ्या पिचरांना कधीकधी. का होतं ते कुणाला माहीत नाही, आणि ज्यांना होतं ते त्याबद्दल बोलत नाहीत.

घरी आल्यावर तो सासऱ्याच्या टायरच्या दुकानात लागला. गावात कुणी त्याला काही विचारलं नाही. लेस्टरने आरशावरचा फोटो उतरवला नाही, म्हणून वेंडेल केस कापायला नदीपलीकडच्या गावात जायला लागला.

काही वर्षांनी हायस्कूलला बेसबॉलचा कोच हवा होता. मुख्याध्यापक स्वतः टायर बदलायच्या निमित्ताने दुकानात आले. वेंडेल म्हणाला, "हब सोबत असेल तर येतो. चेंडू तो टाकेल." हब म्हणजे मी. म्हणून ट्रकची पाळी संपवून मी रोज दुपारी मैदानावर जायचो आणि पोरांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकायचो. माझ्यासारख्या कॅचरचा चेंडू म्हणजे वरातीतला घोडा, पण सरळ यायचा. वेंडेल बाजूला उभा असायचा, डावा हात जाकिटाच्या खिशात. एखादा चेंडू त्याच्याकडे घरंगळत आला तर तो पायाने परत ढकलायचा. नव्या पोरांना तो रुबाब वाटायचा. मोठी पोरं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगायची, आणि मग तीही बघेनाशी व्हायची.

पण कोच म्हणून तो एक नंबर होता. पाऊल कुठे पडतं, नजर कुठे असते, बॅटरचे खांदे काय सांगतात, हे त्याने पोरांना असं शिकवलं की आमच्यासारख्या चिमुकल्या शाळेला मोठ्या शाळा वचकायला लागल्या. तो ओरडायचा नाही. चुकलेल्या पोराजवळ जाऊन हळूच म्हणायचा, "बरं, आता पुढचा." एवढंच.

त्याच्या बाराव्या-तेराव्या हंगामात एमरी स्टॅगनर आला. लोरेटाचा मुलगा. लोरेटा आमच्याच वर्गातली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचा नवरा नदीत मालाच्या बार्जा ढकलणाऱ्या बोटींवर होता. एका फेब्रुवारीत बर्फावरून पाय सरकून पाण्यात पडला, त्याचा देह वाहत जाऊन तीन जिल्हे खाली सापडला. तेव्हापासून लोरेटाचं एकच म्हणणं होतं, पोराने काहीही करावं, नदीवर जाऊ नये.

एमरी डावखुरा होता. लांब हात, शांत डोळे, बोलणं जेमतेम. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्याने चेंडू टाकला. मी ग्लव्हकडे बघितलं, मग वेंडेलकडे. वेंडेलने मान दुसरीकडे वळवली होती.

"आवाज ऐकलास?" मी विचारलं.

"ऐकला," तो म्हणाला. "गप्प बस."

तीन हंगाम एमरी आमच्यासाठी टाकत राहिला. शेवटच्या वर्षी तर सामन्यांना जाळीमागे घडीच्या खुर्च्या टाकून अनोळखी माणसं बसायला लागली. वेग मोजायची बंदुकीसारखी यंत्रं त्यांच्या हातात. एमरीला शिष्यवृत्ती देऊन आपल्या संघात न्यायला दोन कॉलेजांनी लोरेटाला फोन केले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती वेंडेलच्या ताटात बटाट्याचा एक डाव जास्तच घालायची. "खा रे. माझ्या पोराला नदीपासून लांब नेतोयस तू."

एप्रिलच्या सुरुवातीला, एका साध्या सामन्यात, एक मवाळ चेंडू घरंगळत एमरीच्या पायाशी आला. त्याने उचलला आणि पहिल्या बेसवरच्या पोराच्या तीन हात वरून भिरकावला. आमची पोरं बाकावर हसून लोळली. "ए स्टॅगनर, तो तिकडे गाईला लागला बघ!" एमरीही हसला. मी वेंडेलकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

परतताना तो माझ्या ट्रकमध्ये बसला होता. "त्याला काही बोलू नकोस," तो म्हणाला.

"अरे, सुटतो एखादा चेंडू."

"हब. काही बोलू नकोस. पोरांनाही सांग, त्यावरून चेष्टा नको."

"मग ती विचारतील, का नको."

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "हो. तेही आहेच."

पुढच्या सामन्यात पुन्हा तसंच झालं. त्यानंतर एमरी असे चेंडू पळत जाऊन स्वतः बेसवर नेऊन द्यायला लागला. ते बघून वेंडेलचं जेवण गेलं. त्यानेही अगदी तेच केलं होतं. आणि महिना संपायच्या आत एमरीचा बॅटरला टाकलेला चेंडू माझ्या डोक्यावरून जाळीत गेला. सरावातच, फक्त आम्ही तिघे असताना. एमरी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"बरं," वेंडेल म्हणाला. "आता पुढचा."

पुढचा जमिनीत गेला.

वेंडेलने सगळं करून पाहिलं. त्याच्यावर झालेले उपाय नाहीत, कारण ते चालत नाहीत हे त्याला माहीत होतं. त्याने स्वतःचे शोधले. एमरीला डोळे मिटून टाकायला लावलं. नदीकाठी नेऊन पाण्यात दगड मारायला लावलं; दगड झकास जायचे. टाकताना मोठ्याने गाणं म्हणायला लावलं, आणि मला सुरात सूर मिसळायला लावला, माझा आवाज ऐकून पोर पहिल्यांदाच खळखळून हसलं. त्या दिवशी दहा-बारा चेंडू नीट आले. वेंडेल घरी जाताना ट्रकमध्ये शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी गाणंही होतं, मीही होतो, आणि चेंडू जाळीत होते.

बाहेरगावच्या मैदानांवर लोकांना कळायला वेळ लागला नाही. "स्टॅगनर, आज मागच्या रांगेत बसलोय रे, माझ्याकडे टाक!" "पंच, हेल्मेट घाला हो, तुमचीही पाळी येईल!" पोरंच ती, आणि पोरांचे बाप. आमच्या बाकावर मात्र कुणी हसत नव्हतं आता. एमरीजवळ बसायलाही पोरं कचरायची, संसर्गाचा आजार असावा तशी.

एका दुपारी लोरेटाने आम्हा दोघांना स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गाठलं. अंगावर ॲप्रन, हात साबणाचे.

"तुला झालं होतं तेच आहे ना हे?" तिने विचारलं.

वेंडेल म्हणाला, "हो."

"मला वाटलंच. मग काय केलं होतंस तू?"

"सगळं."

"आणि?"

"काही लागू पडलं नाही, लोरेटा."

"तेव्हा नाही पडलं, पण आता तू मोठा झालायस. एवढ्या वर्षांत काहीतरी लक्षात आलं असेल ना? रोज पोरांना शिकवतोस. याला काय सांगायचं ते तुला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार?"

वेंडेल भिंतीला टेकला होता. तो म्हणाला, "रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच असतो, आज त्याला काय सांगू. काहीच सुचत नाही."

लोरेटाने ॲप्रनला हात पुसले. "मग तू कशासाठी आहेस तिथे?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती. ती आत गेली.

मे महिन्यात विभागीय बाद फेरीचा सामना आला. कॉलेजांपैकी एकाने फोन करणं बंद केलं होतं, दुसऱ्याचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. एमरी सकाळीच येऊन म्हणाला, "कोच, आज मीच टाकतो. आज जमेल." वेंडेलकडे दुसरा पिचर होता, बरा होता. मी म्हणालो, "नको पाठवू त्याला." तो म्हणाला, "आणि आज जमणार असेल तर?" नको पाठवू म्हणणं सोपं होतं. त्या पोराच्या तोंडावर ते बोलणं माझ्याच्यानेही झालं नसतं.

पहिल्या दोन बॅटरना त्याने नीट टाकले. वेंडेलने माझा दंड धरला होता, तो दुखायला लागला. तिसऱ्याला चार चेंडू लांबून गेले आणि तो फुकट पहिल्या बेसवर गेला. चौथाही तसाच. पाचवाही. प्रेक्षक आधी ओरडत होते. मग तेच झालं जे मी टीव्हीवर ऐकलं होतं. ते गप्प झाले.

वेंडेल उंचवट्यावर गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने मला नंतर सांगितलं.

"कोच, मला काढू नका."

"बरं."

"काय चुकतंय ते तरी सांगा. पाय? खांदा? तुम्ही सांगाल ते करतो."

"पाय बरोबर आहे, एमरी. सगळं बरोबर आहे."

"मग?"

पंच तोवर जवळ आला होता, "चला कोच, आवरा." वेंडेलने एमरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काढला, आणि परत आला. "तो माझ्याकडे बघत होता, हब," तो मला म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, ज्याला हे झालंय त्यालाच याचा उपाय सांगता येईल. मी त्याच्यापुढे उभा होतो आणि मला फक्त एवढंच कळत होतं की त्याला कसं वाटतंय."

पुढचा चेंडू समोरच्या पोराच्या हेल्मेटला लागला. तो आडवा झाला. थोड्या वेळाने उठून बसला, पाणी प्याला, हसलादेखील. काही झालं नव्हतं त्याला. पण एमरीने त्याच्या उठण्याची वाट पाहिली नव्हती. तो चालत आमच्या बाकाकडे आला आणि वेंडेलच्या हातात चेंडू ठेवला. जाळीमागे खुर्ची घडी केल्याचा आवाज आला.

आम्ही हरलो. हंगाम संपला.

दोन आठवड्यांनी वेंडेलचा फोन आला. "ग्लव्ह घेऊन मैदानावर ये. एमरीलाही बोलावलंय."

"कशाला?"

"मी टाकणार आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "त्याने कधी पाहिलंच नाहीये रे माझं. त्याला वाटतं, जगात तो एकटाच आहे. मी टाकतो, सगळे कुठल्या कुठे जातील, तो बघेल. बघेल की हे असूनही माणूस जगतो. बायको असते, घर असतं, माणूस मासे पकडतो, हसतो. सांगून त्याला पटत नाही. दाखवतो."

मी म्हणालो, "मग कॅचरचा मुखवटा घालून येतो. दात अजून माझेच आहेत." तो हसला. खूप दिवसांनी हसला.

दुपार होती. एमरी कुंपणाला टेकून उभा होता, हात खिशात. वेंडेल चेंडूंची बादली घेऊन उंचवट्यावर चढला. त्याने जाकीट काढून खाली ठेवलं. "एमरी, नीट बघ," तो म्हणाला. "मला जे झालं ते हे असं."

आणि त्याने टाकला.

मी ग्लव्ह हलवलासुद्धा नाही. चेंडू येऊन त्यात बसला. तोच आवाज. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, एवढ्या वर्षांत त्याने कुणाकडे चेंडू फेकला नव्हता. आणि चेंडू जिथे मी ग्लव्ह धरला होता बरोबर तिथे आला.

"चुकून नीट गेला," वेंडेल म्हणाला. त्याने दुसरा टाकला. पुन्हा ग्लव्हमध्ये. तिसरा. चौथा.

"हब, ग्लव्ह वर धर!" मी वर धरला. तिथे आला. "बाहेर धर!" तिथेही. तो आता जोरात टाकायला लागला होता, घाईघाईने, अंग कसंही फेकून, पाय वाकडा टाकून. कसंही टाकलं तरी चेंडू सरळच यायचा. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी मुखवट्यातून ओरडलो, "वेंडेल, बस कर!" पण तो थांबेना. एक तरी चुकावा म्हणून तो झटत होता, आणि मला मात्र, खोटं कशाला बोलू, दर चेंडूबरोबर अंगावर काटा येत होता. इतके सुंदर चेंडू होते ते.

बादली संपली. तो वाकून धापा टाकत राहिला.

एमरी कुंपणापाशी तसाच उभा होता. शेवटी तो म्हणाला, "कोच, हे मला कशासाठी दाखवलंत?"

"असं व्हायचं नव्हतं," वेंडेल म्हणाला. "खरंच नव्हतं. मला वाटलं, सगळे सुटतील. आयुष्यभर सुटत होते. हबला विचार."

"खरं सांगतोय तो," मी म्हणालो.

एमरीने मान डोलावली. पोर सुसंस्कृत होतं. लोरेटाने तसं वाढवलं होतं. "छान टाकता तुम्ही अजून," तो म्हणाला. "येतो मी, कोच. येतो, मिस्टर हब." आणि तो रस्त्याने चालत घरी गेला. वेंडेल त्याच्यामागे चार पावलं धावला, मग थांबला. काय म्हणून हाक मारायची ते त्याला कळलं नसावं. तो उंचवट्यावर येऊन बसला आणि तोंड ओंजळीत धरून म्हणाला, "एक, हब. एक तरी सुटायला हवा होता रे."

जुलैमध्ये एमरी बोटीवर लागला. बापाच्याच कंपनीत. लोरेटा त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेली नाही. शाळा उघडली तेव्हा तिने वेंडेलचं ताट भरून खिडकीतून पुढे सरकवलं, इतरांचं सरकवते तसं, आणि रांगेतल्या पुढच्याकडे बघितलं.

वेंडेलने आणखी काही हंगाम कोचचं काम केलं. त्या दुपारनंतर त्याने कधी चेंडू टाकला नाही. मी एकदा सुचवलं, "आलाय ना हात परत? दोघांपुरतं टाकू या, मजेला." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय काढणं सोडलं. पुढे पोरं कमी झाली, शाळा शेजारच्या शाळेत मिसळली, आणि त्याच्या जागी तरणा कोच आला. वेंडेलने निरोपसमारंभाला नकार दिला.

एमरीचं बरं चाललंय असं म्हणतात. महिनाभर नदीवर, महिनाभर घरी. लग्न झालं, मुलगी झाली. लोरेटा अजूनही त्याच्या नदीवरच्या महिन्यात रोज सकाळी रेडिओवर पाण्याची पातळी ऐकते.

मागच्या उन्हाळ्यात वेंडेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. स्टॅगनरांच्या घरावरून जाताना अंगणात एमरी दिसला, लेकीबरोबर खेळत होता. पोरीच्या हातात तिच्याएवढा ग्लव्ह. एमरी गवतावर गुडघे टेकून बसला होता आणि तिच्याकडे चेंडू जमिनीवरून घरंगळवत होता. ती पाय आपटून ओरडली, "असा नको ना, डॅडी! टाक ना नीट!" तो हसला आणि पुन्हा घरंगळवला.

मी गाडी हळू केली. "थांबायचं?" मी विचारलं.

वेंडेल काचेतून बघत होता. पोरीने चेंडू उचलून बापाकडे फेकला. तो बरोबर त्याच्या छातीवर गेला.

"थांबून काय सांगू त्याला?" वेंडेल म्हणाला.

मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.